ग्रह घडवणाऱ्या तबकड्यांचं रसायन: स्पिट्झरचे वर्णपट घ्यावेत की वेबचे?

तरुण ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत पाणी किती आणि कार्बन किती, हे तपासणारा प्रकल्प एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला घ्यायचा असेल, तर दुर्बिणीवर वेळ मागावाच लागतो असं नाही. स्पिट्झर या जुन्या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा सगळा संग्रह खुला आहे. तिच्यानंतर आलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवर मूळ संघाचा हक्क साधारण वर्षभर असतो, मग तीही कुणालाही उतरवून घेता येतात. पुण्यात बसा की परभणीत, फरक पडत नाही. मेहनत कुठल्या वर्णपटावर (म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेल्या प्रकाशावर) घालायची, एवढंच ठरवायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. रेणू मोजायचे असतील तर वेब. पण स्पिट्झरला मोडीत काढण्याची घाई नको.

स्पिट्झर 2003 साली अवकाशात गेली. तिचा आरसा 85 सेंटीमीटरचा, तर वेबचा साडेसहा मीटरचा. मात्र रसायनासाठी आरशापेक्षा महत्त्वाची ठरते ती वर्णपटाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या रेषा सुट्या दाखवण्याची ताकद. आकडा जितका मोठा तितकी ती जास्त. स्पिट्झरची कमाल सुमारे 600, तीही 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पुढेच. त्याअलीकडे शंभराच्या आसपास. वेबच्या मिरी या अवरक्त उपकरणाची 5 ते 28 मायक्रॉनच्या पट्ट्यात साधारण 3500 ते 1500. 13.7 मायक्रॉनला ॲसिटिलीन, 14 ला हायड्रोजन सायनाइड, 15 ला कार्बन डायऑक्साइड आणि या सगळ्यांमध्ये पाण्याच्या रेषांची गर्दी, असा हा प्रदेश आहे. 2008 साली एए टॉरी या ताऱ्याच्या तबकडीत हे सगळे रेणू स्पिट्झरनेच दाखवले. पण तिथे पाण्याच्या अनेक रेषा मिळून एक उंचवटा दिसतो. तापमान आणि प्रमाण यांची सांगड अनेक प्रकारे बसते आणि कुठली खरी ते कळत नाही.

वेबने हा गुंता बराच सोडवला. जीडब्ल्यू ल्युपी या ताऱ्याच्या तबकडीत कार्बन-13 (कार्बनचं जड, दुर्मिळ समस्थानिक) असलेला कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखता आला. नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडची रेषा लवकर संपृक्त होते, म्हणजे वायू वाढला तरी ती फारशी वाढत नाही, त्यामुळे ती वरवरच्या थराचंच सांगते. दुर्मिळ समस्थानिकाची रेषा आणखी खोलवरचं सांगते, म्हणून रेणूंच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. पाण्याचंही तसंच. लहान आकाराच्या तबकड्यांमध्ये पाणी जास्त दिसतं, बहुधा बर्फाळ खडे आत सरकतात म्हणून, असा सुगावा 2020 मध्ये स्पिट्झरच्या वर्णपटांवरूनच लागला होता. 2023 मध्ये वेबने गरम आणि थंड पाण्याच्या रेषा सुट्या केल्या, आणि अशा लहान तबकड्यांमध्ये जादा पाणी नेमकं थंड असल्याचं दिसलं.

अगदी हलक्या ताऱ्यांकडे वळायचं असेल तर तुलनाच उरत नाही. सूर्याच्या जेमतेम 11 टक्के वस्तुमानाच्या आयएसओ-कॅमेलिऑन 147 या ताऱ्याभोवती वेबने कार्बन असलेले 13 प्रकारचे रेणू ओळखले. त्यात बेंझिन आणि इथेनही आहेत.

आता अडचणी. मिरीच्या वर्णपटात उपकरणातल्याच परावर्तनांमुळे लहरींसारखा चढउतार येतो. तो नीट काढला नाही तर कमकुवत रेषा खरी की भास, हे कळत नाही. यासाठी काही संघ लघुग्रहांचे वर्णपट मानक म्हणून वापरतात. दुसरी अडचण मला जास्त धोक्याची वाटते: रेषांखालची धुळीच्या प्रकाशाची पातळी कुठे आखायची? हायड्रोकार्बन भरपूर असलेल्या तबकडीत ॲसिटिलीनच इतकं दाट असतं की त्याच्या रेषा एकमेकींत मिसळून रुंद फुगवटा तयार होतो, आणि नवखा माणूस तो धुळीच्या खात्यावर टाकतो. समुद्रसपाटीच चुकली तर डोंगराची उंची बरोबर कशी येणार?

स्पिट्झर सरस ठरते ती तीन ठिकाणी. तिचा पट्टा जवळपास 38 मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणून 33 मायक्रॉनजवळची फॉर्स्टेराइट या सिलिकेट खनिजाच्या स्फटिकांची खूण तिच्याकडे आहे. वेबला ती दिसतच नाही. दुसरं, तिने शेकडो तबकड्या पाहिल्या आहेत, त्यामुळे सिलिकेट धुळीवर सांख्यिकी करायची तर तिचा संग्रह उत्तम. तिसरं म्हणजे काळाचं अंतर. 2008 च्या उद्रेकात ईएक्स ल्युपी या ताऱ्याभोवती स्फटिक तयार होताना तिनेच टिपले होते. वेबने तोच तारा पुढे शांत असताना पाहिला. थंड ठेवणारं हीलियम संपल्यामुळे 2009 मध्ये स्पिट्झरचा वर्णपटमापक थांबला, म्हणजे दोन्ही निरीक्षणांत दशकाहून अधिक अंतर सहज मिळतं.

चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाचा पर्याय कुणीतरी सुचवेलच. तिथे तबकडीचं चित्र मिळतं, जे वेबला आतल्या भागाचं मिळत नाही. वेबमध्ये वायू कुठे आहे ते तापमानावरून ताडावं लागतं. पण आल्मा मुख्यतः बाहेरचा थंड वायू पाहते. शिवाय कार्बन डायऑक्साइड, ॲसिटिलीन, बेंझिन हे सममित रेणू. आल्मा रेणूंच्या फिरण्यातून उमटणाऱ्या रेषा पाहते आणि यांना त्या रेषाच नाहीत, म्हणून तिथे ते अदृश्य. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मोह आपल्याकडच्यांना होतो, पण ती मीटर तरंगलांबीची, या कामाची नाही.

हाताशी सहा महिनेच असतील तर दोन्ही दुर्बिणींनी पाहिलेली एकच तबकडी निवडा, आणि 13.5 ते 15.5 मायक्रॉनचा तुकडाच घ्या. धुळीची पातळी दोन वेगळ्या रीतींनी आखून रेणूंचे आकडे किती हलतात ते आधी पाहा. वर्णपटाशी प्रतिमानं (मॉडेल) जुळवायला त्यानंतर बसा.