मॅलिनॉइस म्हणून गावठी पिल्लू गळ्यात मारलं, ३५,३०० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, कारण वाडीत तो रोज वाढतोय. मॅलिनॉइस जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या बुकिंगचे ५,०००, पिल्लाचे उरलेले २३,०००, ट्रॅव्हल्सने पाठवायचे २,८०० आणि ‘पेपर व चिप’चे, म्हणजे जातीचे कागद आणि कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचे, ४,५००. एकूण ३५,३००. चारही वेळा यूपीआयने, चारही वेळा माझ्याच हाताने.

रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ आमची हापूसची बाग आहे, १४० कलमं. गेल्या हंगामात एका रात्रीत अकरा पेट्या भरतील एवढा आंबा चोरांनी उतरवून नेला, गुरख्याच्या खोपीपासून लांबच्या कोपऱ्यातला. वानरांचा त्रास तर बारमाही. आधीचा कुत्रा दोन वर्षांपूर्वी बिबट्याने उचलला. म्हणजे कुत्रा मिरवायला नको होता, राखणीला हवा होता. ‘न वाचता उडी मारलीस’ असं म्हणणाऱ्यांना सांगतो, मी दोन महिने वाचत होतो.

जात मूळची बेल्जियमची, मेंढ्या राखणारी. मेखेलन शहराला फ्रेंचमध्ये मालीन म्हणतात, त्यावरून मॅलिनॉइस. १५ नोव्हेंबर १८९१ रोजी प्राध्यापक रॉल यांनी ब्रुसेल्सजवळ क्युरेघेमला ११७ मेंढपाळी कुत्री गोळा करून तपासली आणि त्यातून बेल्जियन शेफर्ड या जातीची ओळख ठरत गेली. आज तिचे चार प्रकार मानतात : लांब काळ्या केसांचा ग्रोएनेनडाल, लांब तांबूस केसांचा टर्व्युरेन, राठ केसांचा लाकेनवा आणि आखूड केसांचा मॅलिनॉइस. नर साधारण ६२ सेंटीमीटर उंच, वजन २५ ते ३० किलो. जर्मन शेफर्डपेक्षा हलका, चपळ. मेंढ्या मागे पडल्या आणि तो पोलीस, लष्कराकडे गेला. आपल्याकडे सीआरपीएफ आणि आयटीबीपी तो वापरतात. २०१९ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादी याच्यावरच्या कारवाईत अमेरिकन सैन्याबरोबर होता तो कॉननही मॅलिनॉइसच.

घात इथेच झाला. विकणाऱ्यालाही हे सगळं पाठ होतं. कॉननपासून सीआरपीएफपर्यंत जे मी वाचलं होतं तेच त्याने मला फोनवर ऐकवलं, आणि मी त्याला जाणकार समजून बसलो. पैसे मागण्यापलीकडे त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. या कुत्र्याला रोज तास-दोन तास काम आणि शिकवणी लागते, नुसता बांधून ठेवला तर तो बिथरतो. खरा पाळणारा आधी तुमचीच उलटतपासणी घेईल. जागा किती, घरात लहान मुलं आहेत का, शिकवणार कोण. न विचारणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

पिल्लू पहाटे पावणेपाचला हातखंब्याच्या तिठ्यावर उतरलं. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत भिजलेला पेपर आणि थरथरणारा जीव. तांबूस अंग, काळं तोंड, अगदी फोटोतल्यासारखं. घरी आईने कोमट पाण्यात टॉवेल बुडवून त्याला पुसलं आणि म्हणाली, “अरे, ह्याचं काळं सुटतंय बघ.”

टॉवेलवर काळा डाग होता. मी म्हटलं, रस्त्यावरचा धूर असेल. तरी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, खोक्यात घाण होते, तीच लागते तोंडाला.” मी ऐकून घेतलं. घाण नाकापासून डोळ्यांपर्यंत इतकी रेखीव लागते? पायांना लागत नाही? माझं आयुष्य आंब्याच्या पेट्यांवर शिक्के मारण्यात गेलं. शाईचा डाग आणि घाणीचा डाग यातला फरक मला कळत नाही असं नाही. तो कलप होता. आणि त्या क्षणी शेवटचे ४,५०० अजून माझ्याच खात्यात होते! ते मी त्याच दिवशी दुपारी पाठवले. पिल्लू मांडीवर झोपलं होतं, मुलाने त्याला नावसुद्धा ठेवलं होतं. अशा वेळी कोण संशय घेत बसतो?

अकराव्या दिवशी लसीला नेलं. डॉक्टरांनी चिपचं मशीन मानेवरून, खांद्यांवरून दोनदा फिरवलं. काहीच नाही. सर्टिफिकेटवरचा नंबर मोजला तर चौदा आकडी, चिपचा असतो पंधरा आकडी. मग जबडा उघडून दात पाहिले. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात. याला मागचे अजून पुरते फुटत होते. म्हणजे अकरा दिवसांपूर्वी आईपासून तोडलं तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचं. २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, चिपशिवाय विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक आधी मागा. मी मागितला नव्हता.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “कुत्रा मिळाला ना? मग फसवणूक कसली?” दुसरे साहेब म्हणाले, गावठीच बरा, आजारी पडत नाही. मी काय कुत्र्याच्या तब्येतीची तक्रार घेऊन गेलो होतो? सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, माल पोचला, म्हणजे ऑनलाइन फ्रॉड नाही, दिवाणी मामला आहे. परत पोलीस ठाण्यात. तिथे म्हणाले, माणूस ठाणे शहराकडचा, तिकडे जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते मी छापून नेलं, तर “तुम्ही वकील आहात का?” बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पशुसंवर्धनच्या कार्यालयात सांगितलं, जात ठरवणं आमचं काम नाही. बागेत मोहोराची फवारणी थांबवून पाच हेलपाटे घातले आणि हाती आला एक शिक्का मारलेला अर्ज. तोही पोच द्या म्हणून अडून बसलो तेव्हा! साधा मोबाइल नंबर कोणाचा एवढं शोधायला कोणाला पाच मिनिटं नाहीत. तो माणूस याच भरवशावर धंदा करतो.

तुमचे पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी बारा दिवस घालवले. मी शेवटी ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर (आता त्याच्या जागी ई-जागृती आहे) ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही लागत नाही. चॅट पुसू नका. व्हिडिओ कॉलवर पिल्लू त्याच्या आईला पिताना दाखवायला सांगा. मला त्याने ‘आई ट्रेनिंगला गेली आहे’ सांगितलं. चिप तुमच्या डॉक्टरांच्या मशीनवर दिसल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आणि कान उभे राहिले की खात्री पटेल म्हणून थांबू नका, गावठ्याचेही कान उभे राहतात.

पिल्लू आमच्याकडेच आहे, त्याचा काय दोष. तोंड आता सगळं तांबूस झालंय. टॉवेल मात्र आईला धुऊ दिलेला नाही. पिशवीत बांधून, वर तारीख टाकून कपाटात ठेवलाय, सुनावणीला नेणार आहे.