सारा मोजपट्टी: आनुवंशिक अटॅक्सियात चाल मोजायला किती भरवशाची?

स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया (एससीए) या आनुवंशिक आजारात लहान मेंदू हळूहळू झिजत जातो आणि माणसाचा चालताना झोक जायला लागतो. आजार किती पुढे सरकला हे मोजायला जगभर ‘सारा’ ही २००६ साली आलेली पट्टी वापरतात. आठ चाचण्या, एकूण ४० गुण. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. यंत्र लागत नाही. एक लांब मोकळी भिंत आणि बसायला तपासणीचा पलंग एवढ्यावर काम भागतं. आमच्या मते चाल मोजायला हीच पट्टी आधी घ्यावी, पण सैल हाताने वापरली तर तिच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

४० पैकी १४ गुण पहिल्या दोन चाचण्यांचे आहेत: चालणं ८, उभं राहणं ६. चालताना भिंतीला समांतर, सुरक्षित अंतरावरून जायचं, अर्धं वळण घ्यायचं आणि मग टाचेला पंजा लावत आधाराशिवाय दहा पावलं टाकायची. एखादंच पाऊल चुकलं तरी ० गुण, म्हणजे चाल ठीक. झोक बराच जातो, वळताना अडतं, पण आधार लागत नाही, तर ३. अधूनमधून भिंत धरावी लागली तर ४. सतत एक काठी किंवा कुणाच्या हाताचा हलका आधार लागला तर ५.

घोळ होतो तो ३ आणि ४ मध्ये. भिंतीला नुसती बोटं लागली, तर तो आधार मानायचा का? मानावा, आणि तसं कागदावर लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी तपासणाराही तोच निकष लावेल. बाई साडीत असतील तर निऱ्यांमुळे टाच आणि पंजा यांमधली फट दिसतच नाही. निऱ्या वर खोचून घ्यायला सांगा. उभं राहण्याची चाचणी अनवाणी, डोळे उघडे ठेवून, दहा सेकंद. प्रत्येक स्थितीला तीन संधी, त्यातली सर्वांत चांगली धरायची. चपला पायात राहिल्या की मोजमाप बिघडलंच.

एवढा काटेकोरपणा का, ते आकड्यांवरून कळतं. एससीएचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. युरोपातल्या दीर्घ पाहणीत साराचे गुण वर्षाला सरासरी एससीए १ मध्ये २.११, एससीए २ मध्ये १.४९, एससीए ३ मध्ये १.५६ आणि एससीए ६ मध्ये अवघे ०.८० वाढले. म्हणजे तपासणाऱ्याची एका गुणाची चूक एससीए ६ चं अख्खं वर्ष गिळते. शक्यतो दर वेळी तोच तपासनीस, तीच जागा आणि दिवसाची तीच वेळ ठेवा.

जोडीला दहा मीटर चालण्याची वेळ घ्या. पट्टा १४ मीटरांचा आखायचा. पहिले दोन मीटर वेग घ्यायला, शेवटचे दोन थांबायला, आणि स्टॉपवॉच फक्त मधल्या दहावर. साराचा एक गुण हलायच्या आत कधी कधी सेकंद बदललेले दिसतात. मात्र काठी घेऊन चालले की काठीविना, याची नोंद नसेल तर दोन वर्षांच्या वेळांची तुलना करता येत नाही.

साराची खरी उणीव वेगळीच आहे. डोळ्यांच्या हालचाली तिच्यात नाहीत, थकवा नाही, पडायची धास्तीही नाही. भिंतीलगत ३ गुण मिळवणारा माणूस बसच्या पायरीवर किंवा भारतीय संडासातून उठताना पार अडकलेला असू शकतो, आणि त्याच्या घरच्यांना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते. त्यासाठी २०२१ मध्ये आलेली प्रॉम-अटॅक्सिया ही प्रश्नावली आहे: ७० प्रश्न, शरीर, रोजची कामं आणि मन असे तीन भाग, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. प्रश्न नेमके आहेत, पण ७० म्हणजे फार. बोलणं अडखळणाऱ्या आणि लिहिताना हात हलणाऱ्या माणसाला एका बैठकीत ते झेपत नाहीत. चालण्याच्या चाचण्यांनंतर लगेच तर देऊच नका. दमलेला माणूस सगळीकडे एकच खूण करत सुटतो. आदल्या दिवशी घरी, दोन टप्प्यांत भरून घ्यावी. उत्तरं मात्र त्यानेच द्यायची. शेजारी बसलेला नवरा किंवा सून पटकन ‘हो हो, जमतं त्यांना’ म्हणून मोकळी होते. त्यांनी फक्त पेन धरायचं.