विकण्याआधी मोजणारं टायरचं दुकान, वाई

वाई-पाचवड रस्त्यावरच्या या टायर आणि अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन नीट लावण्याच्या) दुकानाला मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलंय. हात मोजके आहेत आणि आहे त्या गिऱ्हाइकांना वेळ पुरत नाही. वाईकडच्या कुठल्याही पिकअपवाल्याला 'मोजून हवा भरणारे मामा' विचारा, तो रस्ता दाखवेल.

मी भिलारहून वाशीच्या मार्केटला स्ट्रॉबेरी नेतो. हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. सकाळी तोडणी, दुपारी पनेट (फळाचे छोटे डबे) भरून बॉक्स तयार, संध्याकाळी गाडी भरायची आणि उजाडायच्या आत वाशीत पोचायचं. वाटेत पसरणीचा उतार, सुरूरला हायवे, खंबाटकीचा बोगदा आणि त्याच्या पुढचं ते वळण, मग कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलाचा उतार, आणि शेवटी एक्स्प्रेसवे. या फळाला थांबायला वेळ नसतो. रस्त्यात दोन-तीन तास गेले तर माल मऊ पडतो आणि मार्केटमध्ये भाव निम्म्यावर येतो. हे झालं पैशाचं. जिवाचं म्हणाल, तर भरल्या पिकअपचा पुढचा टायर एक्स्प्रेसवेवर फुटला की स्टिअरिंग माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून टायरच्या दुकानाबद्दल मी एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी आत घेतली की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाव्हणं, किती लांबनं आलाय?" दुसरीकडे विचारतात, "पस्तीस मारू का?" आणि उत्तर यायच्या आत नळी लावतात. मामा आधी अंतर विचारतात, कारण कंपनीनं दारापाशी स्टिकरवर लिहिलेला हवेचा आकडा थंड टायरचा असतो. घाट उतरून आलेला टायर तापलेला असतो, आतली हवा चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सहज वाढलेली असते. अशा वेळी 'जास्त झाली' म्हणून कुणी हवा सोडली, तर रात्री टायर गार झाल्यावर ती स्टिकरपेक्षा कमी भरते. कमी हवेच्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतात, दुमडून तापतात, आणि टायर फुटायचं मोठं कारण ही उष्णताच आहे. लोकांना वाटतं, जास्त हवेनं टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात मुद्दाम दोन-तीन पीएसआय कमी ठेवतात. मामा हे ऐकलं की हातातलं काम ठेवतात आणि समोरच्याला समजावून सांगतात. मागे चार गाड्या हॉर्न देत असल्या तरी.

त्यांच्याकडे हवा मोजायची दोन गेज आहेत. एक रोजच्या वापराचं, दुसरं कपाटात कापडात गुंडाळलेलं. महिन्याला पहिलं दुसऱ्याशी ताडून बघतात. पिकअपला रिकामी आणि भरलेली असे वेगळे आकडे असतात, मागच्या टायरला पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. हे न विचारता चारही चाकांना सारखीच हवा मारणारी दुकानं मी हायवेवर खूप पाहिलीत. मामा स्टेपनीही सोडत नाहीत. पिकअपची स्टेपनी खाली लटकलेली, चिखलात माखलेली. तिच्याकडे लक्ष जातं ते पंक्चर झाल्यावरच. ते खाली वाकून तिची हवा बघतात आणि स्टेपनी उतरवायची साखळी गंजून जाम झालीय का, तेही हलवून बघतात.

टायरमध्ये हवेऐवजी भरतात तो नायट्रोजन इथे मिळत नाही. त्याबद्दल विचारलं तर सांगतात की साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू उतरतो, बाकी दर पंधरा दिवसांनी गेज लावणाऱ्याला साधी हवा पुरते. मला हे पटतं. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती सवयीनं तपासत राहणं नायट्रोजनला पैसे देण्यापेक्षा जास्त कामाचं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या हंगामाच्या तोंडावर मी पुढचे दोन टायर बदलायला गेलो होतो. दोन्हींची आतली कड गुळगुळीत, बाहेरची नक्षी चांगली शाबूत. त्याआधी दुसऱ्या एका गावातल्या दुकानात मला नवे टायर आणि अलाइनमेंट एकदम करून घ्या म्हणून सांगितलं होतं, भावही काढून दिला होता. मामांनी टायर काढून जमिनीवर आडवे ठेवले आणि नक्षीवरून तळवा फिरवला. त्यांचं वाचन असं: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड गेली तर चाकाचा कोन बिघडलाय, आणि जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का) बघा, शॉकअॅब्सॉर्बर बघा. माझं तिसऱ्या प्रकारातलं. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवलं, आणि टाय रॉड एंडमधला (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) खुळखुळ मलाच हात लावून बघायला सांगितला. म्हणाले, "हे बदलल्याबिगर अलाइनमेंट करणार न्हाई. आज मशीनवर आकडे हिरवं दिसतील, आन् पाचगणीत जाईस्तोवर परत बिघडतील."

त्या दिवशी त्यांना माझ्याकडून एक पैसाही मिळाला नाही. टाय रॉड एंड त्यांच्याकडे ठेवत नाहीत, ते मी बाजारातून आणून माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे बसवले. मग परत आलो, टायर घेतले, अलाइनमेंट केली. मशीनवर त्यांची मुलगी असते. तिनं आधीचे आणि नंतरचे आकडे छापून हातात दिले, आणि कुठला आकडा कशाचा ते न विचारता सांगितलं. हंगामभर गाडी चालली. एप्रिलमध्ये पुढचे दोन्ही टायर कडेपासून कडेपर्यंत सारखे झिजलेले होते.

नवा टायर देताना मामा त्याच्या बाजूवरचे चार अंक बोटानं दाखवतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वयानं कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. म्हणून टायर घेताना हे अंक वाचायचेच, दुकान कितीही ओळखीचं असो. मेहुण्यांच्या कारचे टायर घ्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा त्यांनी १८५/६५ आर १५ ८८ एच हे सगळं उकलून सांगितलं होतं. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतच्या वेगासाठी बनवलेला. मेहुण्यांना दिसायला भारी म्हणून रुंद टायर हवे होते. मामांनी ते दिले नाहीत. नव्या टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घालतात, त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या रबराला बुडाशी चीर गेलेली असते आणि हवा हळूहळू तिथूनच जाते.

नक्षीची खोली मोजायला त्यांच्याकडे छोटं साधन आहे. कायद्यानं चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. टायरच्या खाचांत मधेमधे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. पण मामा आमच्या भागातल्या गाड्यांना ३ मिलिमीटरलाच सांगून ठेवतात की पावसाळ्याच्या आधी बदला. महाबळेश्वर-पाचगणीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला कारण सांगायला नको. खाचा उथळ झाल्या की पाणी बाजूला सरत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

पंक्चरला इथे वेळ लागतो. बाकी ठिकाणी खिळा उपसून भोकात रबराची दोरी खुपसली की पाच मिनिटांत मोकळे. मामा टायर रिमवरून उतरवतात, आतून बघतात, आणि आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं ठिगळ, लावतात. कमी हवेवर गाडी ओढत आणली असेल तर साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या, आतलं रबर भुकटीसारखं सुटलेलं असतं. ते बाहेरून कधीच दिसत नाही. असा टायर ते परत चढवून देत नाहीत, साइडवॉलचं पंक्चरही काढत नाहीत, कितीही गयावया करा. दोरीला त्यांचा आक्षेप नाही. रात्री रस्त्यात अडकलात तर घाला, पण सकाळी येऊन आतून करून घ्या, असं सांगतात.

चाक बसवताना नट आधी हातानं फिरवतात. मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळतात, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर लागला की कळवणाऱ्या पान्यानं) 'टक' आवाज येईपर्यंत. हवेची बंदूक नट सोडवायला, आवळायला नाही. बंदुकीनं आवळलेला नट घाटात रात्री व्हील पान्यानं सुटत नाही, आणि बोल्टचे आटे जातात ते वेगळंच. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत येऊन नट तपासून घ्या म्हणतात. त्याचे पैसे नाहीत.

शेजारच्या एका पत्र्याखाली इंजिनाचं किरकोळ काम होतं: ऑइल, फिल्टर, कूलंट, बेल्ट. एवढंच, पण तेही त्याच शिस्तीत. सपाट जागी गाडी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक. पुसून, पुन्हा घालून, दोन खुणांच्या मधे पातळी आहे का ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरलेलंही ते काढून टाकतात. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तोच. इंजिन आतून धुवायच्या फ्लशच्या बाटल्या फळीवर दिसणार नाहीत.

पसरणी चढताना माझी गाडी गरम व्हायला लागली होती. एका ठिकाणी थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, सगळंच बदलायचं सांगितलं गेलं. मामांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण ते कुणालाही उघडू देत नाहीत, दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मग रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारला. लाल माती आणि किडे बसून जाळी बंद झालेली. आतल्या बाजूनं बाहेर असं बेतानं पाणी मारून ती साफ केली, होज पाइप क्लिपपाशी दाबून बघितले, एक फुगलेला होता तो बदलला, आणि आतलं साधं पाणी काढून कूलंट भरलं. साध्या पाण्यानं आत गंज आणि क्षार धरतो, कूलंटमध्ये ते रोखणारी रसायनं असतात आणि ते उकळतंही उशिरा. त्यानंतर काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी माझ्या बदली ड्रायव्हरला पाठ करायला लावली आहे. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या गावापर्यंत जायचं नाही. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाबाविना बेअरिंग मिनिटांत जातात. तसंच नवलेच्या उतारावर न्यूट्रल नाही, कधीच नाही. गिअरमधलं इंजिन गाडी धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

आता अर्धा गुण. दुकान संध्याकाळी सातला बंद होतं आणि सोमवारी उघडतच नाही. आम्हा रात्री निघणाऱ्यांना याचा खरा त्रास आहे. हंगामात पंधरा-वीस पिकअप याच वेळेला भरतात, निदान डिसेंबर ते फेब्रुवारी दुकान नऊपर्यंत उघडं ठेवावं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. अलाइनमेंटचं मशीन एकच, त्यामुळे शनिवारी दोन-अडीच तास जातात, आणि बसायला सावलीत दोनच खुर्च्या आहेत. बायकामुलं बरोबर असतील तर तो दिवस टाळा. टायरच्या कंपन्याही मोजक्याच ठेवतात, तुम्हाला ठरावीक कंपनीचा हवा असेल तर दोन दिवस आधी फोन करावा लागतो. ब्रेकचं काम करत नाहीत.

दर बाजारासारखेच आहेत. अलाइनमेंट थोडी महाग पडते, पण आधीचे-नंतरचे आकडे हातात मिळतात. जायचंच असेल तर मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊच्या आसपास जा, घर जवळ असेल तर उत्तम, टायर गार असतील. माल भरून नेत असाल तर किती भरता ते खरं सांगा. आणि स्टेपनीवरचा चिखल घरीच धुऊन न्या.