बॉनेटखाली एमहॉक की पाठीमागे मल्टिजेट?

चौकोनी पाइपची चासी वेल्ड होऊन शेडमध्ये उभी आहे, टायर आणून ठेवलेत आणि काम अडलंय ते इंजिनावर. गेल्या काही महिन्यांत नाशिकमधल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला: घरी बांधलेल्या गाडीत कोणतं इंजिन बसवू? तिघांनाही टर्बो डिझेलच हवं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. 1957 साली कॉलिन चॅपमनने आणलेल्या लोटस सेव्हनच्या घाटाची उघडी, दोन सीटची, हलकी गाडी आणि तिला दोन हजार आरपीएमलाच जोर देणारं डिझेल, ही जोडी ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणदार शर्यतीच्या, आखूड वळणांवर काय करते हे एकदा अनुभवलं की पेट्रोलची ओढ कमी होते. शिवाय आपल्या गावात डिझेल जाणणारे हात भरपूर आहेत. मायको सर्कल हे नावच डिझेलचे नोझल-इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्यावरून पडलं आहे. तो कारखाना आता बॉशचा झाला, सर्कल मात्र मायकोच राहिलं.

इथे सहज मिळणारे खरे पर्याय दोन. पहिला म्हणजे महिंद्राचं 2.2 लिटर एमहॉक, म्हणजे नाशिकलाच बनलेल्या स्कॉर्पिओमधलं: 2179 सीसी, 120 अश्वशक्ती, 290 न्यूटन मीटर टॉर्क. दुसरा म्हणजे फियाटचं 1.3 मल्टिजेट, जे मारुतीने स्विफ्टमध्ये डीडीआयएस म्हणून 2007 पासून दिलं: 1248 सीसी, 75 अश्वशक्ती, 190 न्यूटन मीटर. तिसरा एक पर्याय जुने मेकॅनिक सुचवतात. तो म्हणजे बोलेरोचं मेकॅनिकल पंपाचं 2523 सीसी डीआय टर्बो. त्याला वायरिंगची कटकट नाही हे खरं, पण साठ-पासष्ट अश्वशक्तीसाठी एवढं लोखंड हलक्या गाडीत वाहून न्यायचं मला पटत नाही. ते बाजूला ठेवू.

आकडे बघून मन एमहॉककडे झुकतं. माझ्या मित्राचंही झुकलं होतं. त्याने एमहॉक पुढे बसवलं, मी मल्टिजेट सीटच्या मागे. दोन्ही चासी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एकाच शेडमध्ये, एकाच मापाच्या पाइपमधून झाल्या, म्हणून समोरासमोर ठेवून बोलता येतं.

खरं तर इंजिन निवडताना तुम्ही गाडीची मांडणी निवडता. स्कॉर्पिओत इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट (जोर मागे नेणारा लांब दांडा) आणि मागचा अॅक्सल. सेव्हनच्या घाटाला हे जसंच्या तसं जुळतं. स्विफ्टमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे, पुढच्या चाकांना जोडलेले. तो अख्खा संच उचलून मागच्या चाकांमध्ये ठेवला की मिड-इंजिन गाडी तयार. दोन्हीकडे कंपनीने जुळवलेली इंजिन-गिअरबॉक्सची जोडी तशीच राहते, आणि ती राहू द्याच. एकाचं इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स आणि मध्ये दोघांना जोडणारी अडॅप्टर प्लेट या भानगडीत पहिल्या गाडीला पडू नका. सातपूरला प्लेट उत्तम कापून मिळते, पण क्रँक आणि इनपुट शाफ्टचं केंद्र केसभर हललं तरी बेअरिंग आणि क्लच महिन्याभरात बोलायला लागतात.

आता वजन. पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधून चार प्लॅटफॉर्म काटे एका रविवारपुरते आणले आणि दोन्ही गाड्यांच्या चार-चार चाकांखाली ठेवले. मित्राची एमहॉक गाडी 812 किलो भरली, त्यातले 478 पुढच्या चाकांवर. माझी 664 किलो, त्यातले 388 मागच्या चाकांवर. मल्टिजेट नुसतं साधारण 130 किलोचं. ते आम्ही दोघांनी आणि एका पोराने दोरीवर धरून जागेवर सरकवलं होतं. एमहॉक चेन-पुलीशिवाय हललं नाही. टनामागे अश्वशक्ती काढली तर मित्राची 148, माझी 113. सरळ रस्त्यावर तो मला सहज मागे टाकतो. पण ओल्या मातीत, घट्ट वळणात, त्याचं नाक आधी बाहेर पळतं आणि मग पाय थोडा दाबला की शेपूट सुटते. 290 न्यूटन मीटर आणि मागच्या चाकांवर फक्त 334 किलो, दुसरं काय होणार? माझ्याकडे वजन ओढणाऱ्या चाकांवरच असल्याने वळणातून बाहेर पडताना जोर जमिनीत उतरतो.

गिअरिंगचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्कॉर्पिओचं 235/70 आर16 चाक सुमारे 735 मिमी व्यासाचं. आपण लावतो 185/60 आर14, म्हणजे 578 मिमी. त्याच आरपीएमला स्कॉर्पिओ ताशी 100 किमी जात असेल तर तुमची गाडी 78-79 लाच पोचेल. डिझेल साडेचार हजाराच्या आसपास दम सोडतं, त्यामुळे गिअर पटापट संपतात, पहिला तर जवळजवळ निरुपयोगी होतो. स्विफ्टचं 165/80 आर14 चाक 620 मिमीचं, तिथे हा तोटा जेमतेम सात टक्के.

एमहॉकवाल्यांना अॅक्सलबद्दल कळकळीने सांगतो. स्कॉर्पिओचा अॅक्सल रुंद आणि जड आहे. अरुंद चासीसाठी त्याची नळी आणि हाफ शाफ्ट कमी करून घ्यावे लागतात, म्हणून ओम्नीचा अॅक्सल डोळ्यांत भरतो: अरुंद, हलका, स्वस्त. मित्राने तोच लावला. तिसऱ्या दिवशी कडाड आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. शाफ्ट बाहेर काढला तर त्याच्या टोकाचे सरळ दाते सुंभाच्या पिळासारखे फिरलेले, आणि मधोमध बोटभर निळसर पट्टा. 800 सीसीच्या गाडीसाठी बनलेला भाग तो, त्याचा दोष नाही. नंतर स्कॉर्पिओचाच अॅक्सल कापून बसवला, तेव्हापासून तक्रार नाही.

उंचीही मोजा. स्कॉर्पिओत इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी, बॉनेटच्या त्या उंचवट्याखाली, इंजिनाच्या डोक्यावर असते. सेव्हनच्या बॉनेटखाली ती जागा नाही, ती रेडिएटरपुढे न्यावी लागते आणि नळ्या लांबतात.

मल्टिजेटचं दुखणं वेगळं: पाणी. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीमागे, मधले पाइप फरशीखालून. एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, माझ्या गाडीचा काटा दहा मिनिटांत लाल रेषेवर गेला. हात लावून पाहिलं तर जाणारा पाइप चटका देत होता आणि रेडिएटर गार. मध्ये हवा अडकली होती. एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंचावर नेली, रेडिएटरच्या माथ्याला आणि पाइपच्या वरच्या वळणाला हवा सोडायचे स्क्रू बसवले, नाक जॅकवर उचलून सावकाश पाणी भरलं, तेव्हा काटा मध्यावर स्थिरावला. या कामाला दोन शनिवार राखून ठेवा. मल्टिजेटची टायमिंग चेन ताणल्याचाही खडखडाट होतो, विशेषतः ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात.

वायरिंगमध्ये दोन्ही सारखीच. दोन्ही कॉमन रेल, म्हणजे एकाच जाड नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारी. तिथे ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा भाग), चावी, मीटर आणि अॅक्सिलरेटर पेडल हे सगळं एकाच गाडीतलं हवं. माझं पहिलं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काढताना एका गॅरेजने वायर टेपून न ठेवता कटरने कापली. ती जुळवायला तीन आठवडे गेले. डिझेलच्या टाकीत आडवे पडदे घाला, नाहीतर वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन दम सोडतं. आणि इंजिन चालू असताना रेलचा नट सैल करू नका, गळतीवर हात फिरवू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेल कातडीतून आत शिरतं.

रस्त्याचं काय, हेही लोक विचारतात. घरी बांधलेल्या गाडीला आरटीओत नोंदणी मिळणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही, नव्या मॉडेलला एआरएआयसारख्या संस्थेची प्रोटोटाइप चाचणी लागते. जुन्या गाडीच्या कागदांवर चालवू म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करू देत नाही. आमच्या दोन्ही गाड्या ट्रेलरवर जातात आणि खासगी जमिनीवरच धावतात.

माझा कौल मल्टिजेटला, पहिली गाडी असेल तर निःशंक. हातात वेल्डिंगचा सराव असेल, अॅक्सल कापून घेण्याची तयारी असेल आणि मोकळं लांब मैदान असेल, तर एमहॉकचा तो रेटा पाठीला जाणवतो तसा दुसऱ्या कशात जाणवत नाही, हेही तितकंच खरं.

अपघातात गेलेली अख्खी गाडी घ्या, सुटं इंजिन नको. सकाळी थंड असताना जा, विक्रेत्याने आधी चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, धुराचे लोट येत असतील तर रिंग गेल्यात. आरसी आणि इन्शुरन्सचे कागद तपासा. आणि मूळ चावी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.