७५ टक्के सीएसआर, २५ टक्के शाळा : आमचे १,५१,५०० रुपये असे गेले

आधी आकडा सांगतो, कारण गावात तो रोज कमीजास्त होऊन फिरतोय. शाळेच्या डिजिटल पॅनलच्या नावाखाली आम्ही फसलो, त्यात गेले १,५१,५०० रुपये. तीन लाख नाही, पाच लाख तर नाहीच. आणि त्यातला एक रुपयाही अध्यक्षाच्या खिशात गेलेला नाही. उलट अध्यक्षाच्या खिशातून २४,५०० गेलेत. अध्यक्ष म्हणजे मी. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, तिच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. धंदा द्राक्षबागेचा. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या मुख्याध्यापक गुरुजींची निवृत्ती तोंडावर आहे, त्यांना आणखी त्रास नको.

प्रकार तुम्हाला माहीतच असेल. मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, मधे एक ‘फाउंडेशन’, ७५ टक्के ते देणार, २५ टक्के शाळेनं ‘लोकसहभाग’ म्हणून भरायचे. ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, पहिली ते सातवीचं ई-लर्निंग सॉफ्टवेअर, तीन वर्षं वॉरंटी. किंमत ३,४०,०००. आपला हिस्सा ८५,०००. ऐकायला कसं गोड वाटतं बघा.

कुणी म्हणेल, एवढं गोड वाटलं तिथंच शंका यायला हवी होती. म्हणणाऱ्यानं जरा आमच्या जागी उभं राहावं. कंपनीच्या नावाचं ते योजनेचं पत्र रस्त्यावरच्या माणसानं हातात दिलं नव्हतं. ते आमच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. ज्या ग्रुपवर शालेय पोषण आहाराची माहिती मागतात, ज्यावर ‘तात्काळ’ म्हणून रात्री दहाला तक्ते येतात, त्याच ग्रुपवर. वर कंपनीचं बोधचिन्ह, जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली सही. पत्र टाकणारे साहेब आता म्हणतात, “मी निव्वळ माहितीस्तव फॉरवर्ड केलं होतं.” आणि तो मेसेज त्यांनी डिलीट केलाय. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.

शिवाय गरज खरी होती. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. आमच्याकडंही तेव्हा प्रोजेक्टर आला होता. त्याचा दिवा गेला, नवा परवडेना, प्रोजेक्टर कपाटात गेला. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज सकाळी आमच्या चौकातून पोरं भरून नेते. पट घसरला की शिक्षक कमी होणार. अशा वेळी कुणी “साहेब, तुमची शाळा सिलेक्ट झालीय” म्हटलं तर माणूस काय करेल?

वर्गणी भराभर जमली. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर आहेत, तुम्हाला माहीत आहे. कोइमतूरला असलेल्या आमच्या गावच्या एका गलाईवाल्यानं ५१,००० एकट्यानं पाठवले, वारलेल्या आईच्या नावानं. यात्रा कमिटीनं २५,०००, बचत गटाच्या बायकांनी ११,०००, पालकांचे मिळून २५,०००. एकूण १,१२,०००.

फाउंडेशनचा म्हणून येणारा माणूस चाळिशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आला की आधी पोरांना चॉकलेटं. परितेवाडीचं नाव घ्यायचा, “शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली शाळा जगात गेली, तुमची का नाही?” गुरुजींना हे लागायचं. आधी ३,५०० ‘नोंदणी शुल्क’ फोनवरून घेतलं. मग ८५,००० समितीच्या खात्यातून एनईएफटीनं गेले, माझ्या आणि गुरुजींच्या सहीनं. बँकेतल्या मुलीनं विचारलं सुद्धा, “फाउंडेशन म्हणताय आणि खातं तर ट्रेडर्सचं आहे?” त्याला फोन लावला. “ते आमचे अधिकृत पुरवठादार, दादा.” झालं समाधान.

पण खरी मेख पुढं होती, आणि आजही रात्री झोप मोडते ती तिच्यामुळं. ८५,००० पोचल्यावर तो म्हणाला, जीएसटी सीएसआरमध्ये बसत नाही, तो शाळेनं भरायचा. १८ टक्के. आणि तो आमच्या ८५,००० वर नाही, पूर्ण ३,४०,००० वर. म्हणजे ६१,२००. आगाऊ.

मी बागेची औषधं आणतो. खतं आणतो, ठिबकचं सामान आणतो. बिलावर जीएसटी कसा लागतो हे मला कुणी शिकवायला नको. कर बिलातच असतो, बिल ज्याच्या नावावर त्याला लागतो, आणि माल यायच्या आधी ‘नुसता कर पाठवा’ असं आजवर एकाही दुकानदारानं मला म्हटलेलं नाही. ७५ टक्के दुसरा देतोय तर त्या भागाचा कर आमच्या गळ्यात का? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. मी गुरुजींना बोललो देखील. गुरुजी म्हणाले, “८५ तर गेलेत, आता मागं फिरलो तर तेही जातील.” या एका वाक्यावर सगळे ठग जगतात. वर्गणी संपली होती, ३७,७०० कमी पडत होते. गुरुजींनी १५,००० घातले, मी २२,७००. गलाईवाल्याच्या आईच्या नावाची पाटी तोवर करून झाली होती. त्याला मी काय तोंड दाखवणार होतो?

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते ऐका. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, बघा. ट्रस्ट असेल तर तिथं टी, कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. आमच्या ‘फाउंडेशन’च्या कोटेशनवर पी होता! आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. याला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. मी हे पैसे गेल्यावर केलं, तुम्ही आधी करा.

माल आला संध्याकाळी, लाइट गेलेली असताना. पिकअपवाला म्हणाला मला मिरजेला पोचायचंय, सही करा. चलनावर छापलेलं होतं, ‘माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला’. केली सही. हमाली आणि फिटिंगचे १,८०० रोख, तेही माझेच. दुसऱ्या दिवशी खोकं फोडलं तर आत ४३ इंची साधा टीव्ही, त्याच्याभोवती दुतोंडी चिकटपट्टीनं बसवलेली टचची चौकट. बोट इथं लावलं की रेघ तिकडं. ६५ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १६५ सेंटीमीटर. गवंड्याची टेप लावली, १०९ भरले. खोकं फोडून, चालवून, मापून बघितल्याशिवाय चलनाला पेन लावू नका, गाडीवाला मिरजेला जाऊ दे नाहीतर मुंबईला.

आणि सॉफ्टवेअर? कोटेशनमध्ये त्याचे ४५,००० धरलेले. निघाला एक पेन ड्राइव्ह. आमच्या नव्या बाईंनी तो उघडला आणि पाचच मिनिटांत म्हणाल्या, “सर, ही तर बालभारतीचीच पुस्तकं आहेत. साइटवर फुकट मिळतात.” पीडीएफ पुस्तकं आणि यूट्यूबवरून उतरवलेले व्हिडिओ, कोपऱ्यातलं चिन्ह काळ्या पट्टीनं झाकलेलं. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की दीक्षा अ‍ॅपवर धडे उघडतात. दीक्षा २०१७ पासून आहे, फुकट आहे. बाईंना खरेदीच्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. त्या नव्या, म्हणून. वर्गात जे रोज फळ्यासमोर उभे असतात त्यांना आधी विचारा, अध्यक्ष-मुख्याध्यापक दोघांनीच कोटेशन चघळत बसू नका. सांगलीतल्या एका टीव्ही मेकॅनिकनं सगळ्या मालाची किंमत लावली, तीस हजारांच्या आत.

मग सुरू झाली हापिसांची वारी.

पंचायत समितीत शिक्षण विभाग म्हणाला, वर्गणी तुमची, खरेदी समितीची, आमचा काय संबंध? संबंध कसा नाही? माल यायच्या आधीच यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या माहितीत ‘स्मार्ट क्लासरूम : १’ भरायला यांनीच फोनवर फोन केले होते. आजही सरकारी कागदावर आमची शाळा डिजिटल आहे. तो आकडा वर पाठवायला संबंध आहे, पत्र ग्रुपवर टाकायला संबंध आहे, पैसे बुडाले की संबंध तुटला.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी चलन वाचलं आणि म्हणाले, “माल मिळालाय, सही आहे. हे दिवाणी आहे.” मी म्हटलं, ६५ सांगून ४३ दिला, बनावट पत्र दिलं, हे दिवाणी कसं? “खातं पुण्याचं आहे, हद्द बघावी लागेल.” सायबरकडं गेलो. ते म्हणाले, ओटीपी गेला का? लिंक दाबली का? नाही ना? मग हे सायबर नाही, ठाण्यात जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. कंपनीला ईमेल केला तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं, सदर संस्थेशी आमचा संबंध नाही, पत्र आमचं नाही. त्यांच्या नावानं पोरांच्या हातात फ्लेक्स देऊन फोटो काढलेत, त्याचं त्यांना काहीच नाही. हाच ईमेल आधी केला असता तर दीड लाख वाचले असते, हे घरात मला रोज ऐकवलं जातं. पण कंपनीचा ईमेल शोधायचा असतो हे आम्हाला कोणत्या प्रशिक्षणात सांगितलं होतं? समिती सदस्यांच्या प्रशिक्षणात चहा-बिस्किटं आणि सह्या, एवढंच.

म्हणून जे दारोदार फिरून कळलं ते सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं ४२० कलम गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, कागदावर तेच लिहा. ठाण्यानं घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, पोचपावतीसकट. मी तो दिलाय. उत्तर यायचंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तिथंही कागद तयार चाललेत. पैसे ऑनलाइन गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर कुणाला विचारत बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर लावा. आम्हाला उशीर झाला.

सीएसआर म्हणून कुणी आला तर त्याला एकच विचारा, सीएसआर-१ ची नोंदणी दाखव. कंपनीचा निधी खर्च करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून ती लागते. आम्ही हा शब्दच ऐकला नव्हता. आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर सही मागतील, ३,४०,००० चा माल मिळाला म्हणून. गुरुजींकडून ती घेतलीय त्यांनी. त्या कागदाचं पुढं काय केलं देव जाणे. त्याच्यावर कुठल्या खऱ्या कंपनीकडून पैसे उचलले असतील तर उद्या गुरुजींनाच नोटीस येईल, पेन्शनच्या वेळी.

गलाईवाल्याला मी फोन करून सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, “पाटी काढू नका.” गावातल्यांचं तोंड मात्र बंद होत नाही. मला पारावर ‘डिजिटल अध्यक्ष’ म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी वर्गणीत दमडी दिलेली नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

त्या माणसाचा जुना नंबर बंद आहे, नवा चालू आहे. परवा कळलं, शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत वर्गणी ६०,००० पर्यंत आलीय. तिथल्या अध्यक्षांचा नंबर मिळवून फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमचं पत्र वेगळं हाय ओ, आमाला थेट कंपनीनं धाडलंय.” म्हटलं, जावक क्रमांक वाचून दाखवा. त्यांनी वाचला. तोच होता, तारीख तेवढी बदललेली. ते म्हणाले, बघतो, कमिटीत विषय घेतो.