दिवाळीचा फराळ: दीक्षितांसारखं दोनदा की दिवेकरांसारखं थोडं थोडं?

दिवाळीत फराळ पण खायचाय आणि वजनही वाढू द्यायचं नाहीये, तर आपल्याकडे बहुतेक लोक दोन पद्धतींपैकी एक धरतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची, म्हणजे कडक भूक लागली की दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत आटपायचं, नाहीतर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची, घरचं पारंपरिक खा, साजूक तुपाला घाबरू नका, फक्त थोडं आणि सावकाश. नियम सगळ्यांना पाठ आहेत, परत सांगत नाही. मी दोन्ही करून बघितल्यात, ऐन दिवाळीत काय होतं तेवढंच लिहितो.

दिवेकरांचं मला मनापासून पटतं ते हे की घरचा बेसनलाडू खाताना मनात अपराधी वाटून घ्यायचं नाही. शुगरफ्री करंजी आणून तसंही फारसं साधत नाही, साखरेच्या ग्रॅमला 4 कॅलरी आणि तेलातुपाच्या ग्रॅमला 9, मग साखर काढली तरी मोहन आणि तळण आहे तिथेच आहे ना.

माझं अडलं ते त्या 'थोडं'वर. दिवाळीत आपली प्लेट आपण भरतच नाही हो. पाडव्याला काकूंकडे गेलं की एक लाडू, दोन चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि वर अनारसा, अर्धं ठेवलं की "आवडलं नाही का रे?", तिथून मामांकडे जावं तर परत तीच प्लेट. त्यात घरी चिवड्याचा डबा ओट्यावरच असतो, येता-जाता मूठ घेतली जाते, पातळ पोह्यांचा म्हणून हलका वाटतो पण फोडणीचं तेल, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप सगळं त्या मुठीतच येतं आणि ती मूठ कोणी मोजत नाही. यात दिवेकरांचं काही चुकतंय असं अजिबात नाही, आपला पाहुणचारच तसा आहे, पण मला रोज हेच नडायचं.

दीक्षितांच्या दोन वेळांत ही कटकट राहत नाही. "काकू, आत्ता नको, डब्यात द्या, रात्री जेवताना खातो" म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि खरंच खायचं, आधी भाजी, कोशिंबीर, वरण, मग एक लाडू, एक चकली, त्या दिवशी भाताला सुट्टी. माझं म्हणाल तर भाऊबीजेनंतर पँट कमरेला नेहमीसारखीच बसते आणि दुपारची ती सुस्ती येत नाही.

नरकचतुर्दशीला मात्र जड जातं, हे सांगायला हवं. पहाटे अभ्यंगस्नान करून फराळ केला की पहिलं जेवण तिथेच संपलं, दुसरं थेट रात्री. मधे मी पातळ ताक पितो, बाकी काही नाही.

तुमच्याकडे येणं-जाणं कमी असेल, ताट स्वतः वाढून घेत असाल तर दिवेकरांची पद्धत कदाचित जास्त सुखाची पडेल. चालायला दोन्हीकडे सुट्टी नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. आणि दोन वेळांचं ठरवलंत तर वसुबारसेच्या आधीच घरी आणि जवळच्या नातेवाइकांना सांगून ठेवा, वाढलेली प्लेट परत करणं फार अवघड जातं.