केळी व्यापाऱ्याचं वेब अ‍ॅप: रावेरच्या दुकानात सर्व्हर की मुंबईत व्हीपीएस?

केळीची आवक आणि शेतकऱ्यांचे हिशोब ठेवणारं अ‍ॅप स्वतःच चालवायचं असेल, तर मी व्हीपीएसच, म्हणजे डेटा सेंटरमधला भाड्याचा आभासी सर्व्हर, सुचवेन. दुकानातल्या मशीनला महिन्याचं भाडं नाही, इंटरनेट गेलं तरी लॅनवर, म्हणजे दुकानातल्या अंतर्गत नेटवर्कवर, पावती निघते. हा फायदा खरा आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात वीज गेली तर इन्व्हर्टर किती पुरणार? शिवाय अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. स्वतःचा सार्वजनिक आयपीच नसेल तर वेबसाठीच्या ८० आणि ४४३ पोर्टपर्यंत बाहेरून पोहोचता येत नाही, एचटीटीपीएसचं मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणीही अडते.

व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे, अ‍ॅप मागे; बंद पडलं तर लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी, तसं सेट केलं असेल तर, पुन्हा उठवतं. फायरवॉल, अपडेट मात्र आपल्याच गळ्यात. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत दुकानातल्या मशीनवर आणाच.